हत्तीची आंघोळ



आजचं वाचन: श्रीमद्भागवत, स्कंध ६, अध्याय १ आणि २. सोबत भगवद्गीता, अध्याय ९, श्लोक ३० आणि ३१.

उद्या एकादशी. साबुदाणा भिजत घातलाय, उद्या ऑफिसला नेण्यासाठी दाण्याचा लाडू डब्यात भरून ठेवलाय. उपवासाची तयारी झाली की मन आधीच अर्धं शुद्ध झाल्यासारखं वाटतं ना? मला वाटतं. आणि म्हणूनच आजचं वाचन मला दरवेळी थोडं टोचतं.

आपल्यापैकी बऱ्याच जणांनी भागवत वाचलं ते नाथांमुळे. एकनाथ महाराजांनी मराठीत आणला तो अकरावा स्कंध. सहावा स्कंध त्या मानाने आपल्या हाताखालून कमी जातो. त्यातली अजामिळाची गोष्ट मात्र सगळ्यांना माहीत असते. अभंगांत तो अजामेळ म्हणून भेटतो. पापी माणूस, मरताना मुलाला हाक मारली, मुलाचं नाव नारायण होतं, म्हणून तरला. एवढीच गोष्ट लहानपणी ऐकलेली. मी आजीला विचारलं होतं, "मग आपणही म्हातारपणीच नाव घेतलं तर चालेल का?" आजी हसली होती आणि म्हणाली होती, "म्हातारपण येईल हे तुला कोणी सांगितलं?"

पण ही गोष्ट सुरू होण्याआधी भागवतात एक प्रश्न येतो. आज तिथेच थांबायचं आहे.

प्रश्न विचारणारा आहे राजा परीक्षित. तो कोणत्या अवस्थेत विचारतोय हे आधी आठवूया. शिकारीला गेलेला, तहानलेला राजा शमीक ऋषींच्या आश्रमात येतो. ऋषी ध्यानात असतात, पाणी मिळत नाही, कोणी विचारत नाही. रागाच्या भरात तो एक मेलेला साप धनुष्याच्या टोकाने उचलतो आणि त्यांच्या खांद्यावर टाकून निघून जातो. ऋषींच्या मुलाचा शाप येतो, सातव्या दिवशी तक्षकाच्या दंशाने मरण. राजा सगळं सोडून गंगेच्या काठी येऊन बसतो. म्हणजे पाप, प्रायश्चित्त वगैरे विषय हा माणूस जिज्ञासा म्हणून काढत नाहीये. त्याच्या हातून चूक झालेली आहे आणि हातात मोजून थोडे दिवस आहेत.

शुकमुनी त्याला आधी सांगतात की माणसाने जिवंत असतानाच आपल्या पापाचं प्रायश्चित्त करावं, आणि पाप किती मोठं किती लहान हे पाहून करावं. चांगला वैद्य आधी निदान करतो, मग रोगाप्रमाणे औषध देतो, तसं. ऐकायला ठीक आहे. पण परीक्षित तिथे अडतो. त्याचं म्हणणं असं: माणसाला पाप वाईट हे कळतं. डोळ्यांनी त्याचे परिणाम दिसतात, कानांनी ऐकलेले असतात. तरी तो करतो. मग प्रायश्चित्त घेतो. आणि पुन्हा तेच करतो. मग त्या प्रायश्चित्ताचा उपयोग काय? हत्ती नदीत छान आंघोळ करतो, काठावर येतो आणि सोंडेने धूळ उचलून अंगावर उडवून घेतो, तसंच नाही का हे?

मला हा प्रश्न पहिल्यांदा वाचला तेव्हा पुस्तक मिटावंसं वाटलं. कारण तो हत्ती मी होते.

सांगते. थोडं लांबलचक आहे, पण ते न सांगता आजचं चिंतन लिहिलं तर ते पुस्तकी होईल.

माझ्या आधीच्या नोकरीत आम्ही दुसऱ्या कंपन्यांच्या कामगारांचे पगार काढून द्यायचो. यात एक साधा नियम असतो. एक जण फाईल बनवतो, दुसरा ती तपासतो. बनवणारा मेकर, तपासणारा चेकर. चेकरने सिस्टीममध्ये "तपासलं" अशी खूण केल्याशिवाय फाईल पुढे जात नाही. मी चेकर होते. माझ्या हाताखाली एक मुलगा होता, गावाकडून आलेला, सहा महिन्यांच्या कॉन्ट्रॅक्टवर. त्याला काम मीच शिकवलं होतं.

दिवाळीच्या आधीचा पगार होता. त्याच्याकडून एका कारखान्याच्या ओव्हरटाईमची मागच्या महिन्याची शीट जोडली गेली. चूक त्याची होती, खरं आहे. पण असल्या चुका पकडायलाच चेकर असतो. मी ती फाईल उघडलीच नाही. संध्याकाळ झाली होती, अजून दोन फाईली बाकी होत्या. मी खूण केली आणि सोडून दिली. कामगारांच्या खात्यात कमी पैसे जमा झाले, तेही दिवाळीच्या तोंडावर. चार दिवसांनी फरक दिला गेला, पण तोवर त्या घरांमध्ये काय झालं असेल ते मला माहीत नाही.

मीटिंगमध्ये साहेबांनी विचारलं, "हे कोणाच्या हातून गेलं?"

मी म्हणाले, "फाईल त्याने अपलोड केली होती."

या वाक्यात एकही शब्द खोटा नव्हता. आपल्याकडे अशा बोलण्याला नाव आहे, नरो वा कुंजरो वा. धर्मराजाचा रथ त्या एका वाक्यानंतर जमिनीला टेकला असं म्हणतात. माझं तसं काही झालं नाही. मीटिंग संपली, मी चहा प्यायले. तो मुलगा माझ्या समोरच बसला होता. त्याने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि मान खाली घातली. डिसेंबरमध्ये त्याचं कॉन्ट्रॅक्ट संपलं, ते पुढे वाढवलं नाही.

आता त्यानंतर मी काय केलं ते ऐका. मी दोन्ही एकादश्या कडक धरायला लागले. आधी फराळ करायचे, आता नुसतं पाणी आणि एक फळ. रोज संध्याकाळी हरिपाठ. एका रविवारी पहाटे उठून आळंदीला गेले, इंद्रायणीच्या घाटावर बसले, माऊलींच्या समाधीपुढे डोकं टेकवलं आणि खूप रडले. खोटं रडले नाही हो, मनापासून रडले. येताना बसमध्ये इतकं हलकं वाटलं की वाटलं, झालं, माऊलींनी पदरात घेतलं.

आणि पुढच्याच आठवड्यात, संध्याकाळी उशीर झाला म्हणून, मी पुन्हा एक फाईल न उघडता "तपासलं" ची खूण केली.

हत्ती. आंघोळ. धूळ.

हे एकदा झालं नाही. उपवास करायचा, हलकं वाटून घ्यायचं, पुन्हा तेच. आणि मग मनात एक फार विषारी विचार यायला लागला. मी मुळातच ढोंगी आहे. माझ्यासारखीने माळ कशाला घालायची? देवाचं नाव घ्यायची माझी लायकी नाही. काही दिवस मी हरिपाठ सोडूनही दिला. तेव्हा ते प्रामाणिकपणाचं लक्षण वाटलं होतं. आता वाटतं, ती फक्त दुसऱ्या प्रकारची धूळ होती.

तुमच्यातल्या कितीजणांचं असं होतं मला माहीत नाही. पाप वेगळं असेल. कोणाचं दारूचं असेल, कोणाचं रात्री दोन वाजता मोबाईलवर जे पाहायचं नाही ते पाहण्याचं, कोणाचं आईवर रोज ओरडण्याचं. सकाळी शपथ, रात्री तेच. आणि मग "मी असाच आहे" म्हणून देवाकडे पाठ.

तर परीक्षिताच्या प्रश्नाला शुकमुनी काय म्हणतात?

पहिली गोष्ट म्हणजे ते त्याला रागवत नाहीत. "असं विचारू नये" म्हणत नाहीत. उलट मान्य करतात. एका कर्माने दुसरं कर्म मुळातून जात नाही, कारण करणाऱ्याचं अज्ञान तसंच राहतं. खरं प्रायश्चित्त म्हणजे विमर्श, म्हणजे नीट विचार करून पाहणं, समजून घेणं. पथ्याचं अन्न खाणाऱ्याला रोग सहज गाठत नाही असंही ते म्हणतात. पुढे आणखी एक दाखला देतात, तो मला हत्तीपेक्षाही जास्त लागला. जो देवाकडे तोंडच करत नाही त्याला कितीही प्रायश्चित्तं शुद्ध करू शकत नाहीत, जसा दारूचा घडा कितीही नद्यांच्या पाण्याने धुतला तरी शुद्ध होत नाही.

मी म्हटलं, मी तर देवाकडेच तोंड केलं होतं की! आळंदीला गेले होते, रडले होते. मग खूप दिवसांनी कळलं, की मी देवाकडे तोंड केलं होतं खरं, पण त्या मुलाकडे पाठ करून. रडताना माझ्या डोळ्यांसमोर मीच होते. मी किती वाईट, मला किती त्रास, माझी सुटका कशी होईल. त्या मुलाने डिसेंबरनंतर खोलीचं भाडं कसं भरलं असेल, हा विचार त्या रडण्यात कुठेच नव्हता. कमी पगार मिळालेल्या त्या कामगारांचा तर नव्हताच नव्हता. घडा बाहेरून धुतला जात होता.

आणि विमर्श? तो तर केलाच नव्हता. मी न तपासता खूण का करते, हा साधा प्रश्न मी स्वतःला विचारला नव्हता. उपवास करणं त्यापेक्षा सोपं होतं. विचारला तेव्हा उत्तर फार लाजिरवाणं निघालं. मला हळू काम करणारी म्हणून ओळखलं जायची भीती होती. बस, एवढंच. एवढ्याशा भीतीसाठी एका मुलाची नोकरी गेली.

आता अजामिळाकडे येऊया, कारण त्याची गोष्ट याच प्रश्नाचं उत्तर म्हणून येते. लहानपणी ऐकलेल्या गोष्टीत जे गाळलं होतं, ते इथे आहे.

अजामिळ कान्यकुब्जाचा, म्हणजे आजच्या कनौजचा. शिकलेला, आईवडिलांची सेवा करणारा, नियमाने वागणारा तरुण. वडिलांसाठी रानातून फळं, फुलं, समिधा आणायला गेला आणि येताना एका मोहात पडला. घर सोडलं, बायको सोडली, आईवडील सोडले. चोरी, जुगार, फसवणूक यांवर संसार चालवला. वय झालं ८८. दहा मुलगे, त्यात धाकटा नारायण, त्याच्यावर भारी जीव. यमाचे तीन दूत पाश घेऊन आले, घाबरून त्याने त्या पोराला हाक मारली, आणि ते नाव ऐकून विष्णूचे दूत धावत आले.

इथे दोन्ही दूतांचा वाद होतो. भागवताने यमदूतांना गप्प बसवलेलं नाही हे मला फार आवडतं. त्यांचं म्हणणं सविस्तर येतं. याने हे केलं, ते केलं, प्रायश्चित्तही घेतलेलं नाही, याला दंड नको का? ज्याचं नुकसान झालेलं असतं त्याच्या बाजूने बघितलं तर यमदूतांचा प्रश्न अगदी रास्त आहे. त्या मुलाच्या आईने माझ्याबद्दल हाच प्रश्न विचारला असता.

तरीही अजामिळ सुटतो. आणि पुढे काय होतं ते पहा. आपल्याला वाटतं की लगेच विमान आलं आणि तो वैकुंठाला गेला. तसं होत नाही. विष्णुदूत त्याला सोडवतात आणि तिथून दिसेनासे होतात. तो त्यांना काहीतरी बोलायला जातो, तेवढ्यात ते नाहीत. अजामिळ आहे तिथेच, त्याच घरात, त्याच आयुष्यात. आणि मग तो रडतो.

म्हणजे क्रम कसा आहे? आधी पश्चात्ताप आणि मग कृपा, असं नाही झालं. कृपा आधी आली. पाश तुटला तेव्हा त्याच्या मनात पश्चात्तापाचा लवलेश नव्हता, होती ती फक्त मरणाची भीती आणि पोराची माया. सुटल्यानंतर त्याला आपण काय केलं ते दिसलं. पश्चात्ताप ही कृपेची किंमत नव्हती. ते तिचं पहिलं फळ होतं.

आणि त्याच्या रडण्यात कोण आहे? म्हातारे आईवडील. त्यांना दुसरं कोणी नव्हतं, आणि मी कृतघ्नाने त्यांना टाकलं, असं तो म्हणतो. तरुण, सज्जन बायको, तिला मी टाकलं, असं म्हणतो. नरकाची भीती त्याला आहेच, तो काही महात्मा झालेला नाही. पण त्याच्या पश्चात्तापात माणसं आहेत. नुसतं "मी पापी, मी पापी" नाही. कोणाचं काय केलं ते आहे.

त्यानंतर तो सगळं सोडून गंगाद्वाराला, म्हणजे हरिद्वारला जातो. तिथे देवळात बसून साधना करतो, मन आवरतो. आणि मगच एक दिवस तेच दूत पुन्हा समोर येतात. सुटका एका हाकेत झाली. बदलायला मात्र त्याला उठून चालत जावं लागलं.

आता कोणी म्हणेल, मग बरंच आहे, आधी कृपा तर आहेच, पाप करत राहू, नाव घेत राहू. यावर आपल्या परंपरेचं उत्तर स्पष्ट आहे. नामाचे जे दहा अपराध सांगितले आहेत त्यातला एक हाच, नामाच्या जोरावर पाप करायची बुद्धी होणं. अजामिळाने नाव घेतलं तेव्हा त्याच्या मनात असा हिशोब नव्हता. माझ्या एकादशीत होता. "हे केलं की ते फिटेल" हा हिशोबच होता तो. पगाराच्या कामात राहून राहून देवाशीही मी जमा आणि वजा करायला लागले होते.

गीतेत नवव्या अध्यायात भगवंत अर्जुनाला हेच सांगतात. अगदी दुराचारी माणूसही दुसरीकडे मन न ठेवता मला भजत असेल तर त्याला साधूच समजावं. का? त्याचं आधीचं वागणं बरोबर होतं म्हणून नाही. त्याने आता केलेला निश्चय बरोबर आहे म्हणून. आणि पुढच्याच श्लोकात म्हणतात, तो लवकरच धर्मात्मा होतो. 'होतो' हा शब्द महत्त्वाचा. झालाच आहे असं नाही. म्हणजे देव त्याला साधू म्हणतोय तेव्हा तो अजून पुरता सुधारलेला नाही! रस्त्यात आहे. तोंड योग्य दिशेला वळलंय आणि अंगावर धूळ अजून आहे. देव त्याला तिथे आपला म्हणतो.

माऊली या श्लोकावर दोन दृष्टांत देतात. एक महापुराचा. पुरात बुडालेला माणूस न मरता अलीकडच्या काठाला लागला तर त्याचं बुडणं जसं वाया गेलं म्हणायचं, तसं शेवटी भक्तीला लागलेल्याचं पाप उरत नाही. आणि दुसरा तीर्थाचा. दुराचारी असला तरी तो अनुतापाच्या तीर्थात न्हाला आणि न्हाऊन माझ्याकडे आला, असं देव म्हणतो.

अनुतापतीर्थ. बघा, इथेही आंघोळच आहे. परीक्षिताचा हत्तीही न्हातो आणि माऊलींचा भक्तही न्हातो. मग फरक काय? मला समजतो तो असा: हत्ती अंगावरच्या घाणीसाठी नदीत जातो आणि काठावर परत येतो तो हत्ती म्हणूनच. अनुतापात न्हालेला माणूस आधीच्या काठावर परत येत नाही, तो न्हाऊन सरळ देवाकडे जातो. त्याला हलकं वाटून घरी जायचं नसतं.

मला हे कळलं तेव्हा ती नोकरी मी अजून सोडलेली नव्हती. आणि डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. अजामिळ ८८ वर्षांचा होता. त्याच्या आईवडिलांकडे परत जायची वेळ कधीच निघून गेली असणार. माझ्याकडे फोन नंबर होता.

तरी तीन आठवडे लावला नाही. मग एका दुपारी लावला.

"ताई? बोला ना," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता, आश्चर्य होतं. मी सगळं सांगितलं. फाईल मी उघडली नव्हती. खूण माझी होती. मीटिंगमध्ये मी मुद्दाम तसं बोलले. मला वाटलं होतं त्याला धक्का बसेल.

तो म्हणाला, "ताई, मला माहितीये. सिस्टीममध्ये दिसतं ना. मी त्याच दिवशी पाहिलं होतं."

मी विचारलं, "मग बोलला का नाहीस?"

"कॉन्ट्रॅक्टवाल्याचं कोण ऐकतं, ताई?"

पाच महिने तो घरी होता. मग एका गोडाऊनमध्ये हिशोबाचं काम मिळालं, तिथे आता आहे. त्याने "माफ केलं" असं काही म्हटलं नाही. थोडा वेळ थांबला आणि म्हणाला, "एक करता का? साहेबांना लिहून द्या. कामावर परत घ्या असं नाही म्हणत. पण पुढे कुठे चौकशी झाली तर माझ्या नावावर ते नको."

किती साधं मागणं! आणि मला ते किती अवघड गेलं हे सांगायला लाज वाटते. माफी मागायची तयारी होती, कारण माफी मागितल्यावर माणसाला बरं वाटतं. लिहून द्यायची तयारी नव्हती. त्या रात्री मी नामस्मरणाला बसले आणि पहिल्यांदा माझ्या मागण्यात "मला शुद्ध कर" नव्हतं. "उद्या तो मेल पाठवायचं बळ दे" एवढंच होतं.

दुसऱ्या दिवशी पाठवला. तारीख, फाईल, माझी खूण, माझं मीटिंगमधलं वाक्य, सगळं लिहिलं. साहेब फार बोलले नाहीत. टीमची जबाबदारी माझ्याकडे येणार होती, ती दुसऱ्याकडे गेली. वर्षभराने मी तिथून बाहेर पडले. त्या मुलाच्या रेकॉर्डवर दुरुस्तीची नोंद झाली, तेवढं पत्र मी त्याला पाठवलं. त्याचं उत्तर आलं, "मिळालं ताई. थँक्यू." बास. पुढे आमचं बोलणं झालेलं नाही.

हलकं वाटलं का? नाही हो, खरं सांगते, आळंदीहून येताना जसं वाटलं होतं तसं काही वाटलं नाही. पोटात गोळा होता. पण एक झालं. त्यानंतर फाईल न उघडता खूण करायला हात धजला नाही. मी काही मोठा निश्चय केला होता म्हणून नाही. ती खूण आता माझ्यासाठी एका माणसाचा चेहरा झाली होती.

आणि मागे वळून पाहताना असं वाटतं, की मी कृपा चुकीच्या जागी शोधत होते. रडून झाल्यावर जे हलकं वाटतं ते म्हणजे कृपा, असं मी धरून चालले होते. त्यामुळे हलकं वाटेनासं झालं की कृपा संपली असं वाटायचं. ती तर आधीपासून काम करत होती. मीटिंगनंतर चहा गोड लागला नाही, ती कृपा होती. परीक्षिताच्या प्रश्नाने पुस्तक मिटावंसं वाटलं आणि मिटवलं नाही, ती कृपा होती. तो फोन ठेवून देऊ शकला असता, त्याने ऐकून घेतलं, ती तर केवढी मोठी. मी लायक झाल्यावर यातलं काहीच आलेलं नाही. सगळं मी धुळीने माखलेली असतानाच आलं.

म्हणून, ज्यांना वाटतं की "मी पुन्हा पडलो, आता कुठल्या तोंडाने देवापुढे जाऊ", त्यांना आज एवढंच सांगायचंय. त्याच तोंडाने जा. दुसरं तोंड येणार कुठून? सुधारून मग नाव घेऊ म्हणणं म्हणजे बरं झाल्यावर दवाखान्यात जाऊ म्हणण्यासारखं आहे. नाव सोडू नका. पण नाव घेऊन उठताना ज्याचं आपण काही बिघडवलंय त्याच्याकडे पाठ करूनही उठू नका.

एक जपून सांगते. प्रत्येक वेळी फोन करायलाच हवा असं नाही. कधी कधी आपला फोन त्या माणसाची जखम पुन्हा उघडतो, आणि आपण आपलं ओझं त्याच्या डोक्यावर ठेवून मोकळे होतो. तेव्हा आधी स्वतःला विचारा, हे मी कोणासाठी करतोय? त्याला यातून काही मिळणार आहे की फक्त मला बरं वाटणार आहे? माणूस हयात नसेल, किंवा त्याला आपलं तोंडही बघायचं नसेल, तर अजामिळासारखं आपल्या वागण्याचं गंगाद्वार शोधावं लागतं. त्याच्यासारखा दुसरा कोणी समोर येईल, त्याच्याशी नीट वागावं लागतं. आणि जिथे व्यसनाचा विषय आहे तिथे एकट्याने शपथा घेत बसू नका, कोणाला तरी सांगा, मदत घ्या. रोगाप्रमाणे औषध, हे शुकमुनींनी आधीच सांगून ठेवलंय.

उद्याच्या एकादशीसाठी छोटंसं काम. उपवास जमेल तसा करा. संध्याकाळी नामस्मरणाच्या आधी पाच मिनिटं शांत बसा आणि पाहा, माझ्या पश्चात्तापात कोणा माणसाचं नाव आहे का? असेल तर ते नाव देवापुढे घ्या. आपलं नंतर. आणि त्या माणसासाठी उद्या करता येईल अशी एक लहानशी गोष्ट ठरवा.

मीही करणार आहे. पाप एकच नसतं ना. परवाच आईशी फार तोडून बोलले, आणि अजून फोन केलेला नाही. हे लिहून झालं की करते.

राम कृष्ण हरी.